शब्बाथ शाळेतील कृतिपाठ

बायबलमधील कथा मुलांना नुसती न ऐकवता हाताने करून, मोजून, पेरून किंवा सोंग घेऊन शिकवण्याची पद्धत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या या वर्गाला ‘संडे स्कूल’ म्हणतात, तसेच ‘शब्बाथ शाळा’ही म्हणतात. शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा वार, तो खरा शनिवारचा. पण नाव रविवारला चिकटले ते चिकटलेच.

अशा शाळांचा प्रसार इंग्लंडमधील ग्लॉस्टरचा वृत्तपत्र-मुद्रक रॉबर्ट रेक्स याच्यामुळे झाला. त्याने १७८० मध्ये शाळा सुरू केली ती आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. तेथे मुख्य काम अक्षरओळखीचे आणि पाठांतराचे होते. न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा तलावाकाठी १८७४ मध्ये संडे स्कूलच्या शिक्षकांचा मोठा मेळावा भरू लागला. तेथे जमिनीवरच पॅलेस्टाईनचा, डोंगर-दऱ्या उंचसखल करून दाखवणारा नकाशा रचला होता: तलाव हाच भूमध्य समुद्र, आणि शिकणारा पायी चालत यरुशलेमला पोहोचायचा. मराठीत अमेरिकन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने १८७३ पासून ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक चालवले. तो अर्थात वाचनाचा मेवा.

कृती निवडताना ती कथेतूनच निघालेली आहे ना, एवढे पाहावे. दावीद आणि धिप्पाड योद्धा गल्याथ यांच्या कथेत मोजमाप आयतेच दिले आहे: गल्याथाची उंची सहा हात एक वीत. भिंतीवर खडूने खूण करायची. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. मोठ्या माणसाच्या हाताने मोजले तर खूण साडेनऊ फुटांच्या आसपास, जवळजवळ छताला जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताने मोजले तर गल्याथ जेमतेम सात फुटांचा भरतो, आणि वर्गात हशा पिकतो. (काही प्राचीन प्रतींत आकडा चार हात एक वीत असा आहे, मोठ्या मुलांना तेही सांगायला हरकत नाही.)

खडकावरचे व वाळूवरचे घर (मत्तय ७) या दृष्टांतात पुरात खडकावरचे घर टिकते, वाळूवरचे पडते. हा पाठ दोन परातींत होतो. एकीत वाळू, दुसरीत सपाट दगड. दोन्हींवर घर म्हणून काड्यापेटी ठेवायची आणि तांब्याने पाणी ओतायचे. येथे नवखा शिक्षक हमखास फसतो. रिकामी काड्यापेटी दगडावरूनही वाहून जाते, आणि दृष्टांत उलटतो! म्हणून घरे शाडूची करावीत, दगडावरचे घर ओल्या मातीने पक्के बसवावे आणि पाणी छपरावर नव्हे, पायथ्याशी सोडावे. याच दृष्टांताच्या लूकच्या शुभवर्तमानातील वृत्तांतात शहाणा माणूस खोल खणून पाया घालतो, हे त्या वेळी आपोआप बोलण्यात येते.

काही कथांना भाषांतरानेच हात दिला आहे. ठेंगणा जक्कय गर्दीतून येशूला पाहायला चढतो ते झाड मराठी बायबलात उंबराचे आहे. मूळ झाड आपला उंबर नव्हे, तरी त्याच्याच प्रजातीतले. त्यामुळे आवारात उंबर असेल तर पाठ झाडाखालीच घ्यावा.

उलट, छापील चित्र रंगवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत पोकळ उपक्रम. नोहाच्या तारवातला जिराफ पिवळा करताना मूल कथेचा विचार करतेच असे नाही. त्यापेक्षा जुना फलालीनचा फळा बरा. खरबरीत कापडावर, पाठीला तसेच कापड लावलेली कागदी माणसे चिकटतात, आणि मूल ती स्वतः सरकवत कथा पुन्हा सांगू शकते.

मोहरीच्या दाण्याच्या दृष्टांतात सर्वांत लहान बी वाढून मोठे झाड होते. त्याला साहित्य स्वयंपाकघरातच मिळते. दाणे ओल्या कापसावर पसरले की चार-पाच दिवसांत कोंब येतात, म्हणजे पुढच्या रविवारी दाखवायला रोपे तयार. मात्र मोहरी ‘सर्वांत लहान बी’ म्हटल्याबरोबर कोणीतरी खसखस लहान असते म्हणणारच. त्याचे म्हणणे खरे आहे. शिक्षकाने ते मान्य करावे, दोन्ही दाणे तळहातावर शेजारी शेजारी ठेवून पाहू द्यावेत, आणि मग बोलण्याचा रोख दाण्याच्या मापावरून त्याच्या वाढीकडे न्यावा.