रिमूव्ह, गेट आऊट, कीप आऊट : काढून टाकण्याचे आणि आत येऊ न देण्याचे इंग्रजी वाक्प्रयोग

एखादी गोष्ट काढून टाकणं, हाकलणं, वगळणं किंवा मुळात आतच येऊ न देणं, यासाठी इंग्रजीत जे दोन-तीन शब्दांचे जोडप्रयोग चालतात त्यांची ही नोंद, म्हणजे टेक ऑफ, थ्रो आऊट, गेट रिड ऑफ, रूल आऊट, फेज आऊट, कीप आऊट, वॉर्ड ऑफ वगैरे. शाळेत यातले बरेच प्रयोग फ्रेझल व्हर्ब म्हणून शिकवतात आणि पाठ करून घेतात. मुंबईत मराठी माणसाच्या कानावर हे दिवसभर पडत असतात, लोकलमध्ये, ऑफिसात, सोसायटीच्या नोटीसबोर्डावर, पण स्वतः बोलायची वेळ आली की तोंडातून एकच शब्द निघतो, रिमूव्ह. चप्पल रिमूव्ह करा, यादीतून नाव रिमूव्ह करा, डाग रिमूव्ह होईल का, मला ग्रुपमधून रिमूव्ह केलं.

याला कारण आपलं काढणं. मराठीत चप्पल काढतात, दात काढतात, बँकेतून पैसे काढतात, तांदळातले खडे काढतात, कामावरून माणूस काढतात, आणि वर फोटो काढतात, भांडण काढतात, पावसाळ्यात गळक्या खोलीत दिवससुद्धा काढतात. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाचं घर वेगळं, चप्पल टेक ऑफ, दात पुल आऊट, पैसे विथड्रॉ, खडे पिक आऊट. खरा भार क्रियापदावर नसून मागच्या टीचभर शब्दावर असतो. ऑफ म्हणजे वरून सुटणं, आऊट म्हणजे आतून बाहेर येणं, अवे म्हणजे लांब जाणं. दुपारच्या डब्यावर हे नीट कळतं, झाकण टेक ऑफ करायचं, भाजी टेक आऊट करायची, आणि जेवण झालं की रिकामा डबा डबेवाला टेक अवे करतो. तिन्ही ठिकाणी रिमूव्ह म्हटलं तरी समोरच्याला कळतं, चूक काही नाही, फक्त नोटीस वाचल्यासारखं वाटतं.

मराठीत हे बारकावे नाहीत असं मात्र कुणी समजू नये. आपण तेच काम दुसऱ्या क्रियापदाला जोडून करतो, पुसून टाक, हाकलून दे, पिटाळून लाव, हुसकावून लाव. कुत्र्याला हाकलून देतात, शत्रूला पिटाळून लावतात, आणि फळ्यावरचं पुसून टाकतात, यात अदलाबदल केली तर पोरंसुद्धा हसतील. इंग्रजीचा ऑफ-आऊट असाच आहे, कानाला सवय लागली की जमतो, पाठ करून फारसं जमत नाही.

एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. थ्रो आऊट द बॉक्स आणि थ्रो द बॉक्स आऊट दोन्ही चालतं, पण बॉक्सच्या जागी इट आलं की ते मधेच बसतं, थ्रो इट आऊट. थ्रो आऊट इट कुणी म्हणत नाही. उलट गेट रिड ऑफ आणि डू अवे विथ हे असे फुटत नाहीत, तिथे इट शेवटीच, गेट रिड ऑफ इट. जुन्या फ्रिजबद्दल गेट रिड ऑफ ठीक आहे, माणसाबद्दल म्हटलं तर अर्थ होतो ब्याद घालवली, तेव्हा सासरच्या पाहुण्यांबद्दल जपून. डू अवे विथ तर त्याहून घातकी, नियमाबद्दल वापरलं तर नियम रद्द केला आणि माणसाबद्दल वापरलं तर चक्क ठार मारलं.

मुंबईत सगळ्यात जास्त घोळ घालणारा प्रयोग म्हणजे रूल आऊट. अर्थ असा की शक्यता तपासून ती नाही याची खात्री करणं. पावसाळ्यात ताप घेऊन ओपीडीत गेलं की डॉक्टर चिठ्ठीवर आर, तिरकी रेघ, ओ आणि पुढे डेंग्यू असं खरडतात, आणि घरी चिठ्ठी वाचणारा भाचा जाहीर करतो की मामांना डेंग्यू झाला, मग गावाला फोन, पपईच्या पानांचा रस, सगळं सुरू. डॉक्टरांनी लिहिलेलं असतं एवढंच की डेंग्यू नाही ना ते रक्त तपासून बघू. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांचंही समाधान झालं की डेंग्यू रूल्ड आऊट. म्हणजे चिठ्ठीवर असतं तेव्हा ते काम बाकी असतं आणि रिपोर्टनंतर ते काम झालेलं असतं, एवढा फरक कळला तरी अर्ध्या घराचा जीव भांड्यात पडेल.

नोकरीतले प्रयोगही असेच निसरडे आहेत. आजकाल आयटीवाले ले-ऑफ म्हणतात ते कायमचं काढण्याला, पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात (तो २०२५ पर्यंत लागू होता) ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बंद, अशा कारणाने मालक कामगाराला तात्पुरतं काम देऊ शकत नाही ती अवस्था, त्यात कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे तर कामगार जास्त झाला म्हणून कायमचं काढलं तर त्याला रिट्रेंचमेंट, मराठीत कामगार कपात. गिरणगावातल्या जुन्या कामगाराला हा फरक झोपेत विचारला तरी सांगता येईल. लेट गो हा आणखी गोड प्रकार, वुई आर लेटिंग यू गो, जणू माणूसच कधीपासून जायला उतावीळ होता.

फेज आऊट म्हणजे एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने काढून टाकणं. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी हे मुंबईचं चोख उदाहरण, टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर अधिकृतपणे राहिली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेलवरची लाल डबलडेकरही गेली.

हाकलण्याच्या इंग्रजी प्रयोगांत मुंबईचा स्वतःचाही वाटा आहे आणि तो मोठा आहे. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईत उतरलं तेव्हाचं सायमन गो बॅक आणि ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँक मैदानावरून देशभर गेलेलं क्विट इंडिया, या दोन्ही घोषणांचं श्रेय युसुफ मेहेरअली यांना दिलं जातं, जे १९४२ सालीच मुंबईचे महापौर झाले. असं सांगतात की गेट आऊट हा पर्याय गांधीजींना उद्धट वाटला म्हणून बाद झाला. क्विटमध्ये तो उद्धटपणा नाही पण गुळमुळीतपणाही नाही. घरमालक भाडेकरूला जागा सोडायला सांगतो त्या नोटिशीला इंग्रजीत नोटीस टू क्विटच म्हणतात, म्हणजे साहेबाला त्याच्याच कोर्टाच्या भाषेत जागा खाली करायला सांगितली, हे मला तरी फार आवडतं. मराठीत आपण छोडो भारत, चले जाव असं हिंदीच ठेवलं आणि तेच पाठ्यपुस्तकात बसलं.

आत येऊ न देण्याचे प्रयोग बहुतेक पाट्यांवर भेटतात. इथेही तीच तिकडी, आवाराबाहेर राहा तर कीप आऊट, हिरवळीवर पाय ठेवू नका तर कीप ऑफ, लांब राहा तर कीप अवे. फिनेलच्या बाटलीवर कीप आऊट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन असतं, म्हणजे पोरांचा हात पोचणार नाही तिथे ठेवा, मोरीत खाली नव्हे. भिंतींवर स्टिक नो बिल्स, म्हणजे जाहिराती चिकटवू नका, असं असतं आणि बरोबर त्याच्यावरच क्लासची जाहिरात चिकटवलेली असते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरण्याला ट्रेसपास म्हणतात, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तरी ब्रिज सोडून रुळांवरून जाणारे काही कमी होत नाहीत. वॉर्ड ऑफ म्हणजे येणारं संकट परतवणं, दुकानाच्या दारात शनिवारी बांधलेलं लिंबू-मिरची इंग्रजीत सांगायचं तर टू वॉर्ड ऑफ द ईव्हिल आय. या वॉर्डचं मूळ पहारा देणं, आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातला वॉर्डही त्याच मुळातला, आता तिथे कोण कुणावर पहारा देतं तो वेगळा विषय.

माणसाला बाहेर ठेवण्याचा सगळ्यात गाजलेला शब्द बॉयकॉट हा मुळात एका माणसाचं आडनाव. आयर्लंडच्या मेयो परगण्यात १८८० साली चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता, कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडले, कुणी कामाला जाईना, कुणी दुकानात माल देईना, आणि बघता बघता आडनावाचं क्रियापद झालं. आपल्याकडे त्याला वाळीत टाकणं होतंच. परदेशी कापडाचा बॉयकॉट म्हणून ३१ जुलै १९२१ ला परळला मोठी होळी पेटली ती मालाविरुद्ध होती, पण जात पंचायतीने एखाद्या घराचं पाणी-लग्न-मयत बंद करणं हेही त्याच शब्दात बसतं, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात सोशल बॉयकॉट असंच आहे. तो २०१७ मध्ये लागू झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.