डाउन गावची जमीन कोण घडवते?

लंडन ब्रिजपासून १६ मैलांवर, केंट परगण्यातील नॉर्थ डाउन्स या टेकड्यांच्या पठारी भागावर डाउन नावाचे एक छोटे गाव आहे. जुलै १८४२ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे घर पाहण्यासाठी गेला आणि परतल्यावर त्याने बहिणीला गावाचे वर्णन कळवले. सुमारे ४० घरे, मधोमध जुनी अक्रोडाची झाडे, चकमकीच्या दगडांत बांधलेले चर्च, उंच झुडपांच्या कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि जवळजवळ प्रत्येक शेतातून गेलेली पायवाट, एवढेच त्यात होते. त्या सप्टेंबरमध्ये तो सहकुटुंब तिथे राहायला आला आणि १९ एप्रिल १८८२ रोजी तिथेच मरण पावला. गालापागोस बेटांवर त्याने जेमतेम पाच आठवडे काढले होते, तर या गावात चाळीस वर्षे. तरीही त्याच्या नावाबरोबर आपल्याला बेटांवरचे पक्षी आठवतात आणि गावाभोवतीची कुरणे सहसा आठवत नाहीत, हे मला थोडे अन्यायाचे वाटते. इंग्लंडचा ग्रामीण प्रदेश नेमका कसा तयार होतो आणि कशामुळे टिकतो, याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास याच कुरणांत झाला.

आधी खडक पाहू. साधारण दहा ते आठ कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार समुद्र होता. त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचे तळाशी साचून खडूचा जाड थर तयार झाला आणि त्याच थरात सिलिकेच्या गाठी जमून चकमकीचे दगड बनले. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खडू हळूहळू विरघळतो, चकमक मात्र तशीच मागे उरते. म्हणून डाउनच्या पठारी भागावर खडूच्या वर लालसर चिकणमाती आणि चकमकीच्या दगडांचा थर आढळतो, आणि दरीच्या उतारांवर, जिथे हा थर वाहून गेला आहे, तिथे जेमतेम वीतभर मातीखाली पांढरा खडू लागतो. पाणी खडूच्या भेगांतून थेट खाली जात असल्यामुळे या दऱ्यांतून नद्या वाहत नाहीत. हिमयुगात जमीन गोठून पाणी मुरणे थांबले होते, त्या काळातील प्रवाहांनी या दऱ्या कोरल्या असे भूवैज्ञानिक मानतात. डार्विनच्या घरच्या विहिरीला पाणी लागण्यासाठी ३०० फुटांहून अधिक खोल जावे लागले होते.

चिकणमातीच्या भागावर ओक आणि हॉर्नबीमची राने वाढतात. खडूच्या उतारांवर मात्र आखूड, दाट गवताची कुरणे आहेत आणि खरी वनस्पतिसंपदा त्यांच्यातच आहे. अशा कुरणाच्या एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती सापडू शकतात. यामागचे कारण उलटे वाटेल असे आहे. येथील माती उथळ, कोरडी आणि नत्र-स्फुरदाच्या बाबतीत निकस आहे. सुपीक मातीत दोन-चार जोमदार गवते सर्वांवर मात करतात. निकस मातीत त्यांना तसा जोर मिळत नाही, त्यामुळे किरकोळ वाढीच्या पुष्कळ जाती शेजारी शेजारी टिकून राहतात.

मात्र मातीचा निकसपणा एकटा पुरेसा नसतो. हे उतार मनुष्याच्या हाती लागण्याआधी बहुतेक जंगलाखाली होते. नवाश्मयुगापासून शेतकऱ्यांनी झाडे तोडली आणि पुढे हजारो वर्षे मेंढ्यांनी नवी झाडे उगवू दिली नाहीत. मेंढ्या दूर ठेवल्या की थोड्याच वर्षांत हॉथॉर्नची काटेरी झुडपे शिरतात आणि मग जंगल परत येते. चित्रांत पाहून ज्याला आपण इंग्लंडचे निसर्गदत्त सौंदर्य समजतो, ते असे चरणाऱ्या तोंडांनी राखलेले असते.

डार्विनने हे आपल्या अंगणातच तपासून पाहिले. नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीचा तीन फूट बाय चार फुटांचा तुकडा त्याने न कापता तसाच वाढू दिला. त्यात वीस जातींच्या वनस्पती होत्या. मोकळी वाढ मिळताच जोमदार जातींनी दाटी केली आणि नऊ जाती नाहीशा झाल्या. कापणी किंवा चराई सर्वांत जास्त नुकसान उंच वाढणाऱ्यांचे करते, म्हणून बुटक्यांना जागा मिळते, असा याचा अर्थ होतो. १८५५ च्या उन्हाळ्यात मुलांच्या शिक्षिकेच्या मदतीने त्याने ग्रेट पकलँड्स नावाच्या जवळच्या कुरणातील वनस्पतींची मोजदाद केली, तेव्हा १४२ जाती भरल्या. १८५७ मध्ये त्याने तीन फूट बाय दोन फुटांची जागा खणून साफ केली आणि उगवणाऱ्या प्रत्येक तणाच्या रोपावर खूण केली. एकूण ३५७ रोपे उगवली आणि त्यांपैकी २९५ मेली, बहुतेक गोगलगायी व किडे यांच्या पोटात जाऊन. जगण्यासाठीचा झगडा हा शब्दप्रयोग पुढे फार गाजला. त्यामागे दारापुढची सहा चौरस फूट माती आणि तिच्यातील गोगलगायींची भूक होती.

हिरवळीच्या त्या तुकड्यावर जे घडले, ते पुढच्या शतकात सगळ्या खडूच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात घडले. नॉर्मन काळात ब्रिटनमध्ये आणलेले ससे मेंढ्यांच्या जोडीने ही कुरणे आखूड राखत होते. १९५३ मध्ये डाउनपासून फार दूर नसलेल्या केंटमधील एडनब्रिजजवळ सशांच्या मिक्सोमॅटोसिस या विषाणुजन्य रोगाची ब्रिटनमधील पहिली साथ आढळली आणि दोन-तीन वर्षांत देशातील बहुसंख्य ससे मरून गेले. शेतकऱ्यांना प्रथम आनंदच झाला, पण जिथे मेंढ्याही उरल्या नव्हत्या अशा उतारांवर गवत माजले, काटेरी झुडपे पसरली आणि लहान फुलझाडे मागे हटली. त्याआधी युद्धकाळात धान्यासाठी पुष्कळ कुरणे नांगरली गेली होतीच आणि नंतर रासायनिक खतांनी उरलेल्यांचा निकसपणा घालवला. इंग्लंड आणि वेल्समधील सखल भागातील अशी पारंपरिक कुरणे १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत ९७ टक्क्यांनी घटली. कुरणाला खत घालून त्याचे नुकसान होते, हे शेतीच्या हिशोबात न बसणारे सत्य त्या काळी फारसे कोणी लक्षात घेतले नाही.

डाउनच्या पूर्वेला कडम दरीच्या उतारावर एक छोटासा कुरणपट्टा आहे. त्याचे सध्याचे नाव डाउन बँक, पण डार्विन कुटुंब त्याला तिथल्या ऑर्किडांवरून ‘ऑर्किस बँक’ म्हणत असे. येथील पिरॅमिडल ऑर्किडच्या गुलाबी फुलाला लांब नळी असते, पण तिच्यात पतंगासाठी रस नसतो. पतंगाने सोंड आत घातली की परागपुंजांची जोडी तिला खोगिरासारखी चिकटते आणि काही क्षणांत वाळता वाळता पुढे झुकते, त्यामुळे पुढच्या फुलात ती नेमकी स्त्रीकेसराला टेकते. एका पतंगाच्या सोंडेवर डार्विनला अशा सात जोड्या चिकटलेल्या आढळल्या. शेजारीच वाढणारे मधमाशी-ऑर्किड दिसायला एखादी माशी बसल्यासारखे असते, पण इंग्लंडमध्ये ते कीटकांची वाट पाहत नाही. त्याचे परागपुंज लांब, लवचिक देठांवर बाहेर लोंबतात आणि वाऱ्याने हलून त्याच फुलाला परागित करतात. स्वपरागणाने दीर्घकाळ जगणे वनस्पतींना घातक ठरते असे मानणाऱ्या डार्विनला हे फूल कायम खटकत राहिले.

बंबलबी या केसाळ, जाड मधमाश्यांनी त्याला वेगळे काम दिले. क्लोव्हर ही गुरांच्या चाऱ्याची वनस्पती असून तिच्या मुळांवरील जिवाणू जमिनीत नत्र आणतात, त्यामुळे रासायनिक खतांच्या आधीच्या इंग्रजी शेतीत तिला मोठे स्थान होते. लाल क्लोव्हरच्या शंभर गुच्छांना मधमाश्या मोकळेपणी भेटू शकल्या तेव्हा २,७०० बिया धरल्या; जाळीखाली झाकलेल्या शंभर गुच्छांना एकही नाही. लाल क्लोव्हरच्या फुलाची नळी खोल असल्याने लांब जिभेच्या बंबलबींवरच मुख्य भिस्त असते. त्यांची पोळी जमिनीत असतात आणि शेतातील उंदीर ती उद्ध्वस्त करतात. गावांजवळ पोळी जास्त सापडतात, कारण तिथे मांजरी असतात आणि त्या उंदीर कमी करतात, असे कर्नल न्यूमन या निरीक्षकाचे म्हणणे डार्विनने पुढे आणले. या साखळीतील मांजराची कडी सिद्ध झालेली नाही, ते एक अनुमान आहे. क्लोव्हरची आणि बंबलबीची कडी मात्र पक्की आहे. न्यूझीलंडमध्ये लावलेल्या लाल क्लोव्हरला पुरेसे बी धरेना, तेव्हा १८८५ मध्ये इंग्लंडहून बंबलबी बोटीने नेऊन सोडाव्या लागल्या. त्यांतील आखूड केसांची एक जात न्यूझीलंडमध्ये रुजली आणि खुद्द इंग्लंडमध्ये क्लोव्हरची शेते गेल्यावर नाहीशी झाली. तिची तिथली शेवटची नोंद १९८८ मधील, केंटच्याच डंजनेस किनाऱ्यावरची आहे.

आता मातीखालच्या तोंडांकडे वळू, कारण डार्विनचे डाउनमधील सर्वांत चिवट संशोधन तेच आहे. शेतात टाकलेला चुना किंवा राख काही वर्षांनी जमिनीखाली गेलेली आढळते, हे १८३७ मध्ये त्याच्या मामाने त्याला दाखवले होते. जड वस्तू आपल्याच वजनाने मातीत उतरतात अशी शेतकऱ्यांची समजूत होती. मामाला आणि त्याला मात्र वाटले की वस्तू खाली जात नसून गांडुळे खालची माती गिळून वर विष्ठेच्या वळ्यांच्या रूपाने टाकतात आणि वस्तू झाकली जाते. हे मोजायचे तर थांबण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. डाउनला आल्यावर तिसऱ्याच महिन्यात, डिसेंबर १८४२ मध्ये, त्याने घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर फोडलेला खडू पसरून ठेवला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. नोव्हेंबर १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, त्याने तिथे चर खणला, तेव्हा चराच्या दोन्ही बाजूंना सात इंच खोलीवर पांढऱ्या खड्यांची रेघ दिसली. वरचा गवताचा थर वगळला तर दर वर्षी सरासरी साडेपाच मिलिमीटर माती वर चढली होती.

दुसरे एक उतारावरचे शेत १८४१ मध्ये शेवटचे नांगरले गेले आणि नंतर कुरण म्हणून सोडले गेले. सुरुवातीला त्यावर चकमकीचे दगड इतके विखुरलेले होते, काही तर लहान मुलाच्या अर्ध्या डोक्याएवढे, की डार्विनची मुले उतारावरून पळत आली की दगड खडखडत. तीस वर्षांनंतर तिथे घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दौडला तरी नाल दगडावर आपटत नसे. दगडांवर अडीच इंच बारीक माती चढली होती, म्हणजे खडूच्या कुरणापेक्षा बरीच कमी. सुरुवातीला तिथे गवत विरळ होते, अन्न कमी होते आणि म्हणून गांडुळेही थोडी होती. ती वाढली तसा मातीचा वेग वाढला असावा, हे त्याचे स्पष्टीकरण मला पटते, कारण गांडुळांचे मुख्य अन्न कुजणारी पाने हेच असते.

इंग्लंडमधील गांडुळांच्या सुमारे तीस जातींपैकी मोजक्याच जाती जमिनीच्या वर माती टाकतात, पण तेवढ्याही पुरतात. वळ्या गोळा करून, वाळवून आणि तोलून डार्विनने असा हिशोब मांडला की इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर वर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. वर आलेली माती दगडांवर साचते आणि खाली रिकामी झालेली बिळे ढासळतात, त्यामुळे दगड काहीसा खचतोही. त्याचा मुलगा होरेस याने बागेत एक मोठा चपटा दगड ठेवून, मधल्या छिद्रातून खोलवर गाडलेल्या धातूच्या दांड्याच्या आधाराने, त्याचे खचणे मोजले. ते वर्षाला दोन मिलिमीटरच्या थोडे वर भरले.

गांडुळांच्या बुद्धीचीही परीक्षा झाली. कुंड्यांतील गांडुळांसमोर शिट्टी फुंकली, बासून नावाचे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवले, पियानो वाजवला. त्यांनी आवाजाकडे लक्ष दिले नाही, मात्र कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवताच कंपने जाणवून ती बिळात शिरली. गांडुळे पाने ओढून बिळांची तोंडे बुजवतात. यात ती काही निवड करतात का हे पाहण्यासाठी डार्विनने कागदाचे लांबट त्रिकोण कापून, दवाने विरघळू नयेत म्हणून चरबी चोळून, बागेत पसरले. ओढून नेलेल्या ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के टोकाकडून, म्हणजे सर्वांत सोयीच्या बाजूने, नेले गेले होते. हे सगळे १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले, मृत्यूच्या सहा महिने आधी.

१९६५ पासून डाउन प्रशासकीयदृष्ट्या लंडनच्या ब्रॉमली विभागात मोडते आणि जवळच बिगिन हिलचा विमानतळ आहे. तरी शहराभोवतीच्या हरितपट्ट्याच्या नियमांमुळे शेते आणि वाटा टिकल्या आहेत. डाउन बँकची देखभाल आता केंट वाइल्डलाइफ ट्रस्ट करतो. अशी कुरणे राखताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ऑर्किडांचे बी पडून गेल्यावरच कापणी करायची, शिरलेली झुडपे वेळच्या वेळी काढायची आणि कापलेले गवत तिथे कुजू न देता उचलून न्यायचे. ते तिथेच राहिले तर गांडुळे ते ओढून मातीत मिसळतील, माती सुपीक होईल आणि उंच गवते पुन्हा वरचढ ठरतील.