बसवलेली रॅम संगणकाला का दिसत नाही?

आठ जीबी रॅम असलेल्या संगणकात आठ जीबीची आणखी एक पट्टी बसवूनही पडद्यावरचा आकडा पूर्वीचाच राहिला, की बहुतेकांचा पहिला संशय नव्या पट्टीवर जातो. हा संशय पुष्कळदा चुकीचा ठरतो, कारण रॅमची मोजणी दोनदा होते: आधी मदरबोर्डवरील बायोस (संगणक सुरू होताच चालणारी मूळ प्रणाली) ती करतो आणि नंतर विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली. म्हणून कॅबिनेट उघडण्यापूर्वी बायोसमधील आकडा वाचावा. तेथे पूर्ण १६ जीबी दिसत असतील, तर दोष बहुधा कार्यप्रणालीच्या बाजूला आहे. तेथेच आकडा कमी असेल, तर विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवून काहीही साधणार नाही.

बायोसची मोजणी कशी चालते, हे जाणून घेण्यासारखे आहे. प्रत्येक पट्टीवर स्मृतीच्या मोठ्या चिपांखेरीज एसपीडी नावाची एक चिमुकली चिप असते. डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) पट्टीवरील या चिपेत अवघे ५१२ बाइट मावतात. त्यांत पट्टीची क्षमता, चिपांची रचना, वेग आणि व्होल्टेज यांची नोंद असते. संगणक सुरू होताच बायोस ही नोंद वाचतो आणि मेमरी कंट्रोलरची (रॅमशी होणारी ने-आण सांभाळणाऱ्या भागाची) जुळणी तिच्यानुसार करतो. गंमत अशी, की ही नोंद वाचण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि प्रत्यक्ष माहितीची ने-आण करणाऱ्या वाहिन्या वेगळ्या असतात. त्यामुळे बायोसच्या यादीत पट्टी दिसते, पण एकूण बेरजेत ती धरलेलीच नसते, असा बुचकळ्यात टाकणारा प्रकार घडू शकतो. अशा वेळी संपर्कातील बिघाडाची शंका आधी घ्यावी, कारण डेस्कटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात आणि त्यांतील एखादाच नीट टेकला नाही तरी काम अडू शकते.

वीजपुरवठा पूर्ण तोडून पट्टी काढावी, संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावेत आणि खटका लागेपर्यंत पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबून बसवावी. खोडरबराचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्याने तो मला फारसा पसंत नाही. त्यानंतर एका वेळी एकच पट्टी ठेवून ती वेगवेगळ्या स्लॉटमध्ये तपासावी. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब आहे. तो स्लॉटपाशीच राहिला तर नजर प्रोसेसरकडे वळवावी. पूर्वी मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरील वेगळ्या चिपेत असे; डेस्कटॉपमध्ये एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली तो प्रोसेसरच्या आत नेला. तेव्हापासून सॉकेटमधील (प्रोसेसर बसतो त्या जागेतील) एखादी वाकलेली पिन किंवा एका बाजूला जास्त आवळलेला कूलरसुद्धा रॅमची अख्खी चॅनेल (कंट्रोलरपासून स्लॉटपर्यंतची वाट) गायब करू शकतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या पट्टीवर येतो.

कधी पट्टी आणि स्लॉट दोन्ही धडधाकट असतात, पण त्यांचे जमत नाही. डीडीआर३ पट्टी डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण तिची खाच वेगळ्या जागी असते. सर्व्हरसाठीची रजिस्टर्ड डीडीआर४ पट्टी मात्र सुखाने बसते आणि साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही. जुन्या मदरबोर्डांना अधिक घनतेच्या चिपा पूर्णपणे हाताळता येत नाहीत, त्यामुळे मोठी पट्टी अर्धीच दिसते किंवा मुळीच दिसत नाही. बायोस अद्ययावत केल्याने हे कधी सुटते, कधी नाही.

राहिली कार्यप्रणाली. ३२ बिट कार्यप्रणालीत स्मृतीच्या प्रत्येक बाइटला ३२ बिटांचा एक पत्ता लागतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यांतलेच काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांना द्यावे लागतात, म्हणून ३२ बिट विंडोजमध्ये साधारण तीन ते साडेतीन जीबीच वापरता येते. यावर उपाय ६४ बिट आवृत्तीचाच. ती आधीच असूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअरसाठी राखीव’ हा आकडा अवाढव्य दिसत असेल, तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या जुळणी-साधनातील बूटच्या (संगणक सुरू होण्याच्या) प्रगत पर्यायांत कमाल मेमरीच्या चौकटीवर कोणी खूण करून ठेवली आहे का, हे पाहावे. ‘वेग वाढवण्यासाठी’ केलेली ही खूण रॅमवर उलट मर्यादाच घालते. ती काढून संगणक पुन्हा सुरू करावा.