पोटाच्या डायलिसिसची नळी अडते तेव्हा

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर घरच्या घरी करता येणारे पोटाचे डायलिसिस एका मऊ सिलिकॉनच्या नळीवर अवलंबून असते. मूत्रपिंडतज्ज्ञ हेन्री टेंकहॉफ यांनी 1968 साली प्रचारात आणलेल्या या नळीचे आतले टोक ओटीपोटात खोलवर असते आणि तिच्यावरच्या डेक्रॉन या कृत्रिम कापडाच्या दोन पट्ट्यांत ऊती वाढून ती पक्की बसते. साधारण 2 लिटर द्रव पोटात सोडायचा आणि काही तासांनी तो रक्तातील टाकाऊ द्रव्यांसह बाहेर काढायचा, असे दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते.

नेहमीची तक्रार अशी, की द्रव आत सहज जातो, पण बाहेर येत नाही. याचे सर्वांत साधे कारण बद्धकोष्ठता असते. मलाने फुगलेले आतडे नळीला दाबते किंवा बाजूला ढकलते. म्हणून आधी रेचक देतात आणि एक्स-रे काढतात. तेवढ्याने भागले नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागते. आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीयुक्त झालर, म्हणजे वपा, अनेकदा नळीला वेढून तिच्या बारीक छिद्रांत शिरलेली आढळते. सर्जन ती सोडवतात, छिद्रे मोकळी करतात, टोक पुन्हा ओटीपोटात नेतात आणि वपा वरच्या बाजूला पोटाच्या भिंतीशी टाक्याने बांधतात. मला हा टाका फार मोलाचा वाटतो, कारण नुसती जागेवर आणलेली नळी पुन्हा अडकण्याची शक्यता बरीच असते.

द्रवाच्या दाबाने हर्निया झाला, तर जाळी बसवून तो दुरुस्त करतात आणि काही दिवस रुग्णाला झोपवून कमी द्रवावर डायलिसिस चालू ठेवतात.

जंतुसंसर्गात मात्र नळी वाचवण्याचा हट्ट घातक ठरतो. नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर जमतो आणि त्याच्या आत प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. योग्य औषध देऊनही सुमारे 5 दिवसांत गढूळ द्रव निवळला नाही, तर नळी काढावी. बुरशीचा संसर्ग असेल, तर निदान होताच काढावी. वाचवायचा असतो तो पोटातला पडदा, ज्यातून रक्तातील टाकाऊ द्रव्ये द्रवात उतरतात, कारण तो कायमचा जाड आणि चिकट झाला की हे डायलिसिसच बंद पडते. संसर्ग औषधाने शमून वारंवार उलटत असेल, तर द्रव स्वच्छ असताना एकाच शस्त्रक्रियेत जुनी नळी काढून दुसऱ्या बाजूने नवी घालता येते. असे केले, की रुग्णाला मधल्या काळात रक्ताच्या डायलिसिसवर जावे लागणे बहुधा टळते.