दो-सान आणि जुंग-गन : तायक्वांदोच्या पॅटर्नमधील दोन आन

आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) पद्धतीने तायक्वांदो शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक पॅटर्न (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका) शिकताना त्याच्या नावाचा अर्थही पाठ करावा लागतो आणि बेल्टच्या परीक्षेत तो सांगावा लागतो. जनरल छोई होंग-ही यांच्या या पद्धतीत एकूण २४ पॅटर्न असून त्यांतील अनेकांना कोरियाच्या इतिहासातील थोर व्यक्तींची नावे दिलेली आहेत. पिवळ्या पट्ट्याच्या टप्प्यावर येणारा दो-सान आणि निळ्या पट्ट्यावर येणारा जुंग-गन या दोन पॅटर्नच्या अर्थांची सरमिसळ मात्र सहज होते. दोन्ही नावांमागील व्यक्तींचे आडनाव आन, दोघेही देशभक्त, दोघांचाही जन्म आजच्या उत्तर कोरियात १८७०च्या दशकाच्या अखेरीस झालेला आणि दोघांचाही शत्रू जपानी साम्राज्य. शिवाय ‘दो-सान’ हे आन छांग-हो यांचे टोपणनाव आहे, तर ‘जुंग-गन’ हे आन जुंग-गन यांचे स्वतःचे नाव आहे, त्यामुळे नुसत्या नावांवरून कोण कोणता हे उमगत नाही.

आन छांग-हो १९०२मध्ये शिक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेले, पण तेथे दोन कोरियन व्यापारी भर रस्त्यात हाणामारी करताना त्यांना दिसले, तेव्हा स्वतःचे शिक्षण बाजूला ठेवून त्यांनी आपल्या देशबांधवांना संघटित करण्याचे काम हाती घेतले. पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे ते कोरियन मजुरांबरोबर संत्र्यांच्या बागांत राबले. एकेक संत्रे काळजीपूर्वक तोडणे हीसुद्धा देशसेवाच आहे, अशी त्यांची शिकवण सांगितली जाते. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण परकीयांच्या मुलखात, सत्ता आणि शस्त्र दोन्ही हाती नसताना, राष्ट्र म्हणजे रोजच्या कामातील सचोटी असे त्यांनी मानले आणि तसे जगून दाखवले. १९०७मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी ‘सिनमिनहो’ ही गुप्त संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, १९०८मध्ये प्योंगयांगला देसोंग विद्यालय सुरू केले, १९१३मध्ये पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत ‘हुंगसादान’ ही चारित्र्यघडणीची संस्था स्थापन केली आणि १९१९नंतर शांघायमधील निर्वासित कोरियन हंगामी सरकारातही काम केले. १० मार्च १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

आन जुंग-गन यांचे नाव एका दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी चीनमधील हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर त्यांनी जपानी राजकारणी इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या अकरा साथीदारांनी अनामिकेचे पेर कापून देशासाठी शपथ घेतली होती; तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या सुलेखनावर सहीच्या जागी उमटवलेल्या डाव्या पंजाच्या ठशात ते तुटलेले बोट आजही दिसते. आपण सैनिक आहोत, म्हणून आपल्याला युद्धकैदी मानावे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. २६ मार्च १९१० रोजी ल्युशुनच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

परीक्षेत सर्वाधिक घोटाळा आकड्यांचा होतो. जुंग-गन पॅटर्नमध्ये ३२ हालचाली आहेत आणि हा आकडा फाशीच्या वेळचे आन जुंग-गन यांचे वय दाखवतो. ते १८७९च्या सप्टेंबरमध्ये जन्मले असल्याने आपल्या हिशेबाने त्यांचे वय ३० भरते. परंतु कोरियातील जुन्या पद्धतीप्रमाणे मूल जन्मतःच एक वर्षाचे मानले जाते आणि प्रत्येक नववर्षाला त्याचे वय एकाने वाढते, म्हणून तेथे ते ३२ होतात. हाच नियम दो-सानच्या २४ हालचालींना लावून २४ हे आन छांग-हो यांचे वय असल्याचे सांगणे मात्र चूक आहे, कारण ते ५९ वर्षे जगले. शिक्षण आणि स्वातंत्र्य यांसाठी वाहिलेले त्यांचे संपूर्ण आयुष्य त्या २४ हालचालींतून व्यक्त होते, असे अधिकृत अर्थ सांगतो. त्या अर्थात त्यांचे जन्मवर्ष १८७६ असे दिलेले असते, पण चरित्रग्रंथांत ते १८७८ आहे. तसेच जुंग-गनच्या अर्थात इतो यांना कोरियाचे पहिले जपानी गव्हर्नर जनरल म्हटले जाते. वस्तुतः ते पहिले रेसिडेंट जनरल होते आणि गव्हर्नर जनरलचे पद १९१०मध्ये कोरिया जपानमध्ये विलीन केल्यानंतर निर्माण झाले.

हा फरक समजावताना एक शिक्षक आणि एक बंदूकधारी अशी सोपी विभागणी अनेक प्रशिक्षक करतात. ती मला अपुरी वाटते आणि आन जुंग-गन यांच्यावर अन्याय करणारीही. ते कॅथलिक होते, हार्बिनच्या आधी काही वर्षे त्यांनी शाळा चालवल्या होत्या, आणि फाशीची वाट पाहताना ते पूर्व आशियातील शांततेवर एक प्रबंध लिहीत होते, जो अपुरा राहिला. दुसरीकडे, केवळ शिकवण्याचे काम करूनही आन छांग-हो तुरुंगापासून दूर राहू शकले नाहीत. हार्बिनच्या घटनेनंतर त्यांच्यावरही संशय घेऊन जपान्यांनी त्यांना अटक केली होती, म्हणजे दोन्ही आयुष्ये इथे एकमेकांना प्रत्यक्ष भिडतात. १९३२मध्ये शांघायला जपानी अधिकाऱ्यांवर झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर त्यांना पुन्हा पकडून कोरियात आणले गेले.

पॅटर्न करून पाहिल्यावरही भेद जाणवतो. दो-सानमध्ये प्रतिस्पर्ध्याने पकडलेला हात पिळून सोडवणे आणि दोन्ही हातांनी पाचर मारल्यासारखा बचाव करून लगेच लाथ व ठोसे देणे शिकवले जाते. जुंग-गनमध्ये तळव्याने दाबण्याची हालचाल अगदी संथ करायची असते आणि शेवट यू आकाराच्या बचावाने होतो. ऑलिंपिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या तायक्वांदोत, म्हणजे वर्ल्ड तायक्वांदोच्या शाखेत, हे दोन्ही पॅटर्न नाहीत. तेथे रंगीत पट्ट्यांचे विद्यार्थी तेगुक मालिका करतात, जिला कोणत्याही व्यक्तीचे नाव दिलेले नाही. म्हणून एका शाखेतून दुसरीत येणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन आनांची ओळख प्रशिक्षकाने पहिल्यापासून करून द्यावी लागते.