खाणवारसा

खाणवारसा : खाणकाम थांबल्यावर मागे उरलेल्या वास्तू, यंत्रे, बदललेली जमीन, नकाशे व दप्तरे, तसेच खाणकामगारांचे कसब, बोली आणि आठवणी या सगळ्यांना मिळून ही संज्ञा वापरतात. हा वारसा जपणे, लोकांना दाखवणे आणि त्यातून शिकवणे अशी तीन कामे तिच्यात येतात. कागदावर ती वेगवेगळी मांडता येतात, पण प्रत्यक्षात एकमेकांत गुंतलेली असतात. पाहायला कोणी येत नसेल, तर खाण उघडी ठेवण्याचा खर्च फार काळ कोणी सोसत नाही.

किल्ला किंवा देऊळ जपणे वेगळे आणि खाण जपणे वेगळे. किल्ला टिकावा म्हणूनच बांधलेला असतो. खाण ही माल काढून घेतल्यावर राहिलेली पोकळी असते. तिचे छत माल निघेपर्यंत उभे राहिले म्हणजे पुरे, एवढाच बांधणाऱ्यांचा हिशेब असे. छताला दिलेले लाकडी धीरे (टेकू) कुजतात, लोखंड गंजते, वरचा खडक हळूहळू खाली बसतो. याहून मोठा शत्रू पाणी. भूजलाच्या पातळीखाली गेलेली प्रत्येक खाण पंपांच्या जोरावर कोरडी असते आणि पंप बंद पडला की काही महिन्यांत किंवा वर्षांत भरून जाते. त्यामुळे कोणत्या खाणीचे काय जपले जाणार, याचा निर्णय पुष्कळदा इतिहासकारांच्या आधी पंपाचे वीजबिल भरणारा घेऊन टाकतो.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची गीव्हर ही कथिलाची खाण १९९० मध्ये बंद झाली आणि १९९१ मध्ये पंप थांबवल्यावर समुद्राखाली गेलेले तिचे बोगदे पाण्यात गेले. १९९३ पासून तिथे संग्रहालय आहे, पण जमिनीखाली पाहुण्यांना नेतात ते शेजारच्या अठराव्या शतकातील जुन्या, उथळ बोगद्यांत. विसाव्या शतकातील खाण पाहायची तर वर, कारखान्यात आणि कामगारांच्या कपडे बदलण्याच्या दालनात. शेवटची पाळी संपली तेव्हा ते दालन जसे होते तसेच बरेचसे ठेवले आहे, आणि संग्रहालयातील सर्वांत परिणामकारक जागा बहुधा तीच असावी. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींची गत याहून कठीण. १८८० पासून आधुनिक पद्धतीने चाललेल्या या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. त्यांना वीज देण्यासाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९६५ मध्ये त्यांच्या खोल पोटात वातावरणीय न्यूट्रिनोंची, म्हणजे वातावरणात तयार होणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद झाली. २००१ मध्ये काम थांबले आणि खालचे बोगदे पाण्याखाली गेले. आता वर दिसतात ते विहिरींवरचे, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विवरांवरचे, मनोरे, वसाहतीतील जुनी घरे आणि सायनाइडने सोने काढून घेतलेल्या मातीचे ढिगारे.

पाण्याचे दुसरे रूप हवेतला ओलावा. पोलंडमधील व्येलिच्का येथील सैंधवाची खाण तेराव्या शतकापासून चालू होती. नऊ मजल्यांची ही खाण ३२७ मीटर खोल जाते आणि खाणकामगारांनी मिठातच कोरलेल्या मूर्ती, झुंबरे व प्रार्थनागृहे तिच्यात आहेत. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादी सुरू केली तेव्हा पहिल्या बारा स्थळांत तिचा समावेश झाला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेल्या कृत्रिम वायुवीजनाने बाहेरची दमट हवा आत येऊ लागली आणि मिठाच्या मूर्ती विरघळू लागल्या होत्या. या कारणाने १९८९ मध्ये खाण धोक्यातील वारशाच्या यादीत गेली. हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवल्यावर १९९८ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. मिठाचे व्यापारी उत्पादन १९९६ मध्येच थांबले होते.

जतनाची व्याप्ती : सुरुवातीला लक्ष गेले ते यंत्रांकडे आणि इमारतींकडे. जर्मनीतील एसेन येथील त्सोल्फेराइन कोळसाखाणीची १२ क्रमांकाची विहीर १९३२ मध्ये सुरू झाली आणि खाण १९८६ मध्ये बंद झाली. त्या काळी बंद खाणीच्या इमारती पाडून भंगार विकणे हीच रीत होती, पण राज्य सरकारने ही जागा विकत घेऊन वास्तू राखल्या. २००१ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत आज रूर या कोळसाखाणींच्या प्रदेशाचे संग्रहालय आहे. तिथल्या अशा स्थळांना जोडणारा सुमारे ४०० किलोमीटरचा औद्योगिक वारसामार्ग १९९९ मध्ये आखला गेला. एकटी खाण पाहायला कोणी फार दूर येत नाही. खाण, कामगारांची वसाहत, रेल्वे आणि भट्टी एका वाटेवर आणल्या की प्रदेशाची गोष्ट उलगडते, हे या मार्गाने दाखवून दिले. औद्योगिक वारशाच्या जतनासाठी १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली होती; तिने २००३ मध्ये रशियातील निझनी तागील येथे स्वीकारलेल्या सनदेत खाणी आणि खनिजशुद्धीची ठिकाणे औद्योगिक वारशात स्पष्टपणे धरली आहेत.

टाकाऊ मालाकडे वारसा म्हणून पाहणे पुष्कळांना अजून जड जाते. स्वीडनमधील फालुनच्या तांब्याच्या खाणीत १६८७ मध्ये प्रचंड भाग कोसळून मोठा खड्डा पडला. तो दिवस उन्हाळी सणाचा असल्याने खाली कोणी नव्हते. त्या खाणीच्या टाकाऊ मातीपासून बनणारा लाल रंग स्वीडनमधील लाकडी घरांना शतकानुशतके लागत आला आहे, आणि १९९२ मध्ये खाण बंद झाल्यावरही त्याचे उत्पादन सुरू राहिले. राजस्थानातील जावर येथे मध्ययुगात जस्ताचे ऊर्ध्वपातन (वाफ करून ती थंडवून धातू मिळवणे) फार मोठ्या प्रमाणावर चालत असे. रसशास्त्राच्या ग्रंथांत जिला ‘वृंताक मूषा’, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, म्हटले आहे, तशाच मातीच्या मुशी तिथे वापरत. वापरून झालेल्या मुशी लोकांनी घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचल्या. तिथे घराची भिंत हाच पुरावा, आणि जुने घर पाडून नवे बांधणाऱ्याला तो पुरावा वाटण्याचे काही कारण नसते.

ढिगाऱ्यांची दुसरी बाजूही आहे. वेल्समधील अॅबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसाखाणीचा ढिगारा घसरून शाळेवर आला आणि ११६ मुलांसह १४४ माणसे दगावली. अशा दुर्घटनेनंतर ढिगारे सपाट करण्याची मागणी होणारच. मात्र सरसकट सपाटीकरणात काही गोष्टी कायमच्या जातात. जस्त व शिसे मिसळलेल्या मातीतच तग धरणाऱ्या खास वनस्पती असतात. सुपीक मातीचा थर पसरला की इतर झाडोरा त्यांना हटवतो. रिकाम्या बोगद्यांत वटवाघळे हिवाळा काढतात. म्हणून विहिरीचे तोंड काँक्रीटने बुजवण्याऐवजी वटवाघळांना ये-जा करता येईल अशी जाळी बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

नकाशांचे मोल भावनेपलीकडचे आहे. ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्याने सोडून दिलेल्या खाणीचे नकाशे सरकारकडे जमा करणे बंधनकारक झाले. खाली कुठे पोकळी आहे हे माहीत नसेल, तर शेजारच्या खाणीत अचानक पाणी घुसते किंवा वरची घरे खचतात. वारसा म्हणून सांभाळलेली ही दप्तरे आजही बांधकामाच्या परवानगीसाठी उघडली जातात.

पर्यटन : पाहुण्यांना खाली नेणे हे या पर्यटनाचे मुख्य आकर्षण आणि मुख्य अडचणही. वेल्समधील बिग पिट ही कोळसाखाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ मध्ये पाहुण्यांसाठी उघडली. खाणकामगारांना ने-आण करणाऱ्या जुन्याच पिंजऱ्यातून ९० मीटर खाली जायचे, तर आधी शिरस्त्राण आणि दिवा चढवावा लागतो, आणि काडेपेटी, लायटर, बॅटरीवर चालणारी घड्याळे वर ठेवावी लागतात. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू असू शकतो, म्हणून हा नियम खराच आहे. पाहुण्याला खाणीची पहिली ओळख या झडतीतच होते. खाली एका जागी सगळे दिवे मालवतात. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात न दिसणे म्हणजे काय, हे कोणत्याही फलकावर लिहून समजत नाही.

खरी खाण सुरक्षित ठेवणे परवडत नसेल, तर दुसरा मार्ग प्रतिकृतीचा. जर्मनीत बोखुम येथे १९३० मध्ये स्थापन झालेल्या खाणकाम संग्रहालयाच्या तळघराखाली सुमारे २० मीटर खोल बोगद्यांची जी खाण आहे, तिच्यातून कधीच कोळसा निघाला नाही. ती दाखवण्यासाठीच खोदली. प्रतिकृतीला नाक मुरडणारे बरेच आहेत, पण तिच्यात लहान मुलांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या पाहुण्यांना सहज नेता येते, आणि यंत्रे चालवून दाखवता येतात. आक्षेप घ्यायचाच, तर तो करमणुकीच्या दुसऱ्या टोकावर घ्यावा. रोमानियातील तुर्दाच्या मिठाच्या खाणीत आकाशपाळणा, छोटे गोल्फ आणि तळ्यात नौकाविहार आहे. गर्दी भरपूर होते आणि खाण उघडी राहते, हे खरे. मात्र परतणाऱ्या पाहुण्याला मीठ कसे काढत याची आठवण किती राहत असेल, हा प्रश्न उरतोच.

चालू खाणीत पर्यटक नेण्याचा प्रश्न आणखी नाजूक. बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ पासून चांदी काढली गेली आणि स्पॅनिश राजवटीत तिथे मूळ रहिवाशांना पाळीपाळीने वेठीला धरले जाई. १९८७ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. डोंगरात अजून काम चालते आणि त्यामुळे माथा खचू लागल्याने २०१४ मध्ये ते धोक्यातील यादीत गेले. पाहुणे खाणकामगारांसाठी कोकाची पाने भेट घेऊन आत जातात. धूळ आणि धोका ज्यांच्या वाट्याला रोज आहे, त्यांच्याकडे तासाभरासाठी पाहायला जाणे कितपत योग्य, याबद्दल मते टोकाची आहेत. ज्या फेऱ्या माजी कामगार स्वतः चालवतात, तिथे निदान बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो एकच असतो.

कोणाची कहाणी : खाणवारशातील सर्वांत तीव्र वाद इथे आहेत. जपानमधील हाशिमा बेटावरची समुद्राखालची कोळसाखाण १९७४ मध्ये बंद झाली आणि २०१५ मध्ये मेजी काळातील (१८६८–१९१२) औद्योगिक स्थळांबरोबर बेटाला जागतिक दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कोरियन कामगारांकडून सक्तीने काम करून घेतले गेले होते. तो इतिहास पुरेसा सांगितला जात नाही, याबद्दल जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद नोंदवला. इंडोनेशियातील सावाहलुंतो येथील डच राजवटीतील ओम्बिलिन कोळसाखाणीत साखळ्यांनी जखडलेले कैदी राबत. तिथे पाहुण्यांच्या मार्गावरच ही हकिगत येते. बेल्जियममधील बोआ दु काझिए खाणीत ८ ऑगस्ट १९५६ रोजी लागलेल्या आगीत २६२ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांतले १३६ इटालियन होते. आज तिथले संग्रहालय स्थलांतरितांचे स्मारकही आहे. यंत्राचे कौतुक करणारा फलक लिहिणे सोपे. त्या यंत्रापाशी कोण, किती मजुरीवर आणि कोणाच्या हुकमाने उभे होते हे लिहिताना संस्थांची लेखणी अडखळते.

शिक्षण : खाण ही एकाच जागी भूविज्ञान, भौतिकी, रसायन आणि इतिहास शिकवणारी शाळा आहे. खडकातील खनिजाची शीर समोर असते, खोलीबरोबर वाढणारी उष्णता अंगाला जाणवते, आणि बुडबुड्यांच्या जोरावर धातुकाचे कण तरंगवून वेगळे करण्याची कृती प्रयोगशाळेत करून पाहता येते. ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे १९७० मध्ये उघडलेल्या सॉव्हरिन हिल या संग्रहालयात शाळकरी मुले १८५० च्या दशकातले कपडे घालून त्या काळच्या वर्गात बसतात. वेशभूषेचा हा खेळ प्रभावी असला, तरी त्याला दुसरी बाजू हवी. इंग्लंडमधील हस्कर खाणीत १८३८ मध्ये पुराचे पाणी घुसून २६ मुले बुडाली. त्यानंतरच्या चौकशीतून १८४२ चा कायदा आला आणि स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली कामाला लावण्यास बंदी झाली. बुडालेल्या, आपल्याच वयाच्या मुलांची यादी वाचणारा वर्ग नंतर बराच वेळ गप्प असतो, आणि कायदा म्हणजे काय हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. उच्च शिक्षणातही जुन्या खाणी उपयोगी पडतात. १७६५ मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीचे विद्यार्थी राइशे त्सेखे या जुन्या चांदीच्या खाणीत सर्वेक्षण आणि वायुवीजनाचे धडे घेतात.

या सगळ्यात सर्वांत लवकर संपणारी गोष्ट म्हणजे सांगणारी माणसे. बिग पिटचे वाटाडे पूर्वीचे खाणकामगार; छत बोलू लागले की आवाज कसा येतो, खाणीत गाड्या ओढणाऱ्या घोड्याला अंधारात वळण कसे कळे, हे ते ऐकीव सांगत नाहीत. जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, म्हणजे तिथे नवे अनुभवी वाटाडे आता तयार होणार नाहीत. ध्वनिमुद्रणे केली जात आहेत, पण मुद्रित आवाजाला उलट प्रश्न विचारता येत नाही. काही संग्रहालयांत तरुण मार्गदर्शकांना जुन्या कामगारांबरोबर मुद्दाम खाली पाठवतात. तिथे ते हत्यारांची नावे, इशाऱ्याच्या घंटांचे ठोके आणि कोणत्या खडकाखाली उभे राहायचे नाही हे शिकतात.