हार्ड डिस्क की एसएसडी? निर्लेखनाआधी हातात घेऊन बघा

कॉलेज असो वा पतसंस्था, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, हार्ड डिस्क आणि एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) या दोन्हींची नोंद बहुतेक वेळा एकच असते: ‘हार्ड डिस्क’. लॅपटॉपमधल्या अडीच इंची तर दिसायलाही सारख्या, संगणकाला जोडायचा साटा कनेक्टरही तोच. एसएसडी हाताला हलकी लागते, तेवढाच काय तो फरक. पण निर्लेखनाच्या वेळी, म्हणजे जुनी वस्तू नोंदीतून काढून टाकताना, आतली माहिती पुसायची वेळ आली की दोघींची जातकुळी पार वेगळी.

हार्ड डिस्कचं काम सोपं आहे. माहिती चकत्यांवरच्या चुंबकीय थरात असते. अख्ख्या डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की आजच्या डिस्कला तेवढं पुरतं, सात-सात फेऱ्या मारत बसायची गरज नाही. डिस्क बंद पडली असेल तर तिच्यासाठी पुरेशा ताकदीचा डीगाऊसर (जोरदार चुंबकीय क्षेत्राने माहिती पुसणारं यंत्र) वापरायचा, नाहीतर चकत्याच तोडायच्या. क्विक फॉरमॅट मात्र यात धरू नका. त्यात फायलींची यादी जाते, फायली राहतात. एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी 2000 ते 2002 या काळात 158 जुन्या डिस्क विकत घेतल्या होत्या. चालू असलेल्या 129 पैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12.

खरा घोटाळा एसएसडीत होतो. तिच्यात चुंबकीय काहीच नाही, माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात असते. म्हणून हार्ड डिस्कच्या ढिगाबरोबर ती डीगाऊसरमधून काढली आणि ‘नष्ट’ असा शेरा मारला, तरी आतलं सगळं जसंच्या तसं. शून्यं लिहिण्याचाही भरवसा नाही. सगळ्या चिप एकसमान झिजाव्यात म्हणून एसएसडीतला कंट्रोलर (लिखाण कुठे करायचं ते ठरवणारी चिप) नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकतो, आणि काही राखीव जागा संगणकाला दिसतच नाही. जुनी माहिती तिथे उरू शकते. एसएसडीला तिची स्वतःची ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ आज्ञाच द्यावी लागते.

तोडण्यातही फरक आहे. ड्रिलचं भोक हार्ड डिस्कच्या चकतीतून आरपार जातं. एसएसडीत ते दोन चिपच्या मधून गेलं तर काहीच बिघडत नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा गोपनीय माहितीसाठीचा नियम एसएसडीचा 2 मिलिमीटरपर्यंत चुरा करायला सांगतो.

माझं मत विचाराल तर नवा लॅपटॉप आला त्याच दिवशी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कूटबद्ध करणारी विंडोजमधली सोय, चालू करावा. मग निर्लेखनाच्या वेळी सिक्युअर इरेज द्यायची आणि किल्ली नष्ट करायची. रिकव्हरी कीची (कुलूप उघडायच्या राखीव आकड्याची) प्रिंट फायलीला लावली असेल, तर तीही.